दोनशे रुपयांचा पट्टा, सहा लाखांचा खड्डा

बीड जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव-गाव गाळून थोडक्यात देते.

वय अडतीस. साडेतीन एकर कोरडवाहू, एक विहीर, आणि चार वर्षांपूर्वी कर्जावर घेतलेला जेसीबी. पहिली दोन वर्षं काम चांगलं मिळालं. मग गावोगाव मशीन आल्या, तासाचा भाव पडला, आता चार हप्ते थकलेत. त्यांचे साडू छत्रपती संभाजीनगरला असतात. त्यांच्या डोक्यात मध्य प्रदेशातलं पन्ना आहे. तिथं वर्षाला दोनशे रुपये भरले की आठ बाय आठ मीटरचा पट्टा मिळतो आणि हिरे शोधता येतात. 2024 च्या जुलैत तिथल्या एका मजुराला 19.22 कॅरेटचा हिरा मिळाला, 80 लाखांच्या आसपास किंमत येईल असं बातमीत होतं. ती बातमी साडूंनी मोबाइलवर जपून ठेवलीय. योजना अशी: चार भागीदार, प्रत्येकी सहा लाख, नातेवाइकांच्या नावावर बारा पट्टे, दोन हंगाम. जमलं तर जेसीबीही तिकडं न्यायचा. वाचकांना वीस गुंठे विकून चार लाख आणि बायकोचं सोनं गहाण ठेवून दोन लाख उभे करायचे आहेत. साडू म्हणतात, "दोनशे रुपयांत काय बुडणार? आणि मोठा लागला तर बाहेरच्या बाहेर विकू, कापाकापी नको." त्यात वाचकांच्या विहिरीतही काचेसारखे चमकणारे खडे निघालेत. आजोबा म्हणायचे, हा निजामाचा मुलूख, इथल्या मातीत हिरे आहेतच. शेवटी लिहितात, "बायकोला अजून सांगितलं नाही. ताई, पैसे लावू का?"

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पाच पानांतली साडेतीन पानं हिऱ्यावर आहेत. सहा लाख कुठून आणायचे यावर चार ओळी आहेत, आणि थकलेले हप्ते शेवटच्या पानावर एका वाक्यात उरकलेत. मला त्या एका वाक्याची काळजी जास्त वाटली. पण आधी पन्न्याचं बोलू, कारण साडू खोटं सांगत नाहीत.

पन्न्याला सरकारी हिरा कार्यालय आहे. पट्टा मिळतो, सामान्य माणसाला मिळतो, आणि हिरेही निघतात. 2018 साली अशाच एका छोट्या खाणीतून 42.59 कॅरेटचा हिरा निघाला आणि लिलावात त्याला अडीच कोटींच्या वर किंमत आली. हिरा सापडला की तो कार्यालयात जमा करायचा. पारखी तोलून, बघून नोंद करतो, पुढं लिलाव होतो. साडेअकरा टक्के रॉयल्टी आणि एक टक्का कर कापून उरलेले पैसे पट्टेदाराला मिळतात. इतकी सरळ व्यवस्था असल्यामुळेच दरवर्षी माणसं तिथं खणायला जातात, आणि त्यांना वेडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

काम कसं चालतं तेही सांगते. वरची माती उपसायची. खाली गोट्यांचा, खडीचा थर लागतो, त्याला तिकडं 'चाल' म्हणतात. ती कुठं थोड्या खोलीवर लागते, कुठं बरंच खाली जावं लागतं. चाल वर काढायची, पाण्यात खळाखळा धुवायची, उन्हात वाळवायची, सारवलेल्या जागेवर पसरायची आणि बोटानं एकेक खडा बाजूला करत निवडायची. आपल्याकडं बाया सुपात तूर घेऊन खडे निवडतात ना, तसंच. फरक एवढाच की इथं शंभर सुपं निवडली तरी हाताला काही लागेलच असं नाही. या सगळ्यात तुमच्या जेसीबीचा उपयोग माती उपसण्यापुरता, तोही परवानगी असेल तर. खरा वेळ धुण्यात आणि निवडण्यात जातो. तिथं पाणी लागतं, डोळे लागतात, आणि ज्याच्यावर विश्वास टाकता येईल असा माणूस लागतो.

आता "दोनशे रुपयांत काय बुडणार" याकडं येऊ. सातबाऱ्याचा ऑनलाइन उतारा पंधरा रुपयांत मिळतो, म्हणून शेती पंधरा रुपयांत होते असं आपण म्हणत नाही. दोनशे रुपये ही खणायच्या परवानगीची किंमत आहे. खणायची किंमत साडूंनी स्वतःच काढलीय, चोवीस लाख. बुडू शकते ती रक्कम एवढी. त्यात तुमचं आणखी काही आहे जे त्यांनी धरलेलंच नाही: दोन हंगाम तुम्ही घरी नसाल, खरीप दुसऱ्याच्या भरवशावर, जेसीबीचे हप्ते चालूच, सोन्यावरचं व्याज चालूच. आणि ते वीस गुंठे. त्या तुकड्यात विहीर येते का, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा त्याच्याबरोबर जातो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्या भागात पाण्याचा हिस्सा गेला की उरलेल्या तीन एकरांची किंमतही खाली येते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कमाईची बाजू बघू. साडूंच्याच मोबाइलमधला हिरा घ्या. समजा तसाच हिरा तुमच्या पट्ट्यात निघाला आणि खरोखर 80 लाखांना गेला. साडेबारा टक्के कापून 70 लाख उरले. चार भागीदारांत प्रत्येकी साडेसतरा लाख, आयकर वेगळा. तुम्ही घातले सहा लाख. म्हणजे नुसतं ना नफा ना तोटा व्हायला सुद्धा, एवढ्या खर्चाची मोहीम तीन वेळा केली तर त्यातल्या एका वेळी तरी 80 लाखांचा हिरा लागला पाहिजे. आता मला सांगा, पन्न्यात खणणाऱ्या दर तीन टोळ्यांपैकी एकीला असा हिरा लागत असता, तर त्याची देशभर बातमी झाली असती का?

बातमीत येतो तो सापडलेला हिरा. ज्यांनी वर्षभर चाल धुतली आणि पुढच्या वर्षीच्या पट्ट्याला पुन्हा उसने पैसे काढले, त्यांच्याकडं वार्ताहर जात नाही. म्हणून बातम्या गोळा करून अंदाज बांधू नका. हिरा कार्यालयात नोंदवही असते. गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती पट्टे दिले, किती हिरे जमा झाले, त्यातले पाच कॅरेटच्या वरचे किती, आणि लिलावातून एकूण रक्कम किती आली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज लागतो. एकूण रकमेला पट्ट्यांच्या संख्येनं भागा. जो आकडा येईल तो एका पट्ट्याची सरासरी कमाई. त्याच्याशेजारी तुमचा एका पट्ट्याचा खर्च लिहा: चोवीस लाख भागिले बारा, म्हणजे दोन लाख. हा भागाकार साडूंसमोर बसून करा.

अजून एक मोजमाप देते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल कारण तुम्ही मुरूम भरता. पन्न्याजवळ मझगवाँला एनएमडीसी या सरकारी कंपनीची खाण आहे, यंत्रांनी चालणारी देशातली एकमेव हिरेखाण. तिथल्या मूळ दगडात शंभर टनांमागं साधारण 10 कॅरेट हिरा मिळतो. कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. शंभर टन म्हणजे तुमच्या भाषेत वीस-बावीस ब्रास. तेवढ्या ढिगात दोन ग्रॅम, आणि तेही एका खड्यात नाही, बारीक-बारीक कणांत विखुरलेले. ही झाली सिद्ध झालेली, वर्षानुवर्षं चाललेली खाण. तुमच्या पट्ट्यातली चाल पाण्यानं वाहून आलेली असते, तिच्यात एका ठिकाणी चार हिरे आणि शेजारच्या पन्नास खड्ड्यांत एकही नाही, असं असू शकतं.

मोठ्या कंपन्या हाच धंदा करतात, आणि त्यांची रीत आपण बघण्यासारखी आहे. हिरा तयार होतो दीडशे-दोनशे किलोमीटर खाली, आणि किम्बरलाइट नावाच्या खडकाबरोबर वर येतो. जगात असे हजारो किम्बरलाइट सापडलेत. दहांतल्या एखाद-दुसऱ्यात हिरे असतात, आणि खाण परवडेल इतके हिरे शंभरांत जेमतेम एकात. आफ्रिकेतल्या बोट्स्वानात डी बीअर्स कंपनीनं 1955 मध्ये शोध सुरू केला, ओरापाची खाण हाती लागली 1967 मध्ये. बारा वर्षं. कॅनडात चक फिपके नावाचा भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं वाळूतल्या, हिऱ्यासोबत येणाऱ्या लाल गार्नेट खनिजाच्या कणांचा माग काढत गेला, तेव्हा 1991 मध्ये तिथं हिरे सापडले. पण ही मंडळी सगळे पैसे एकदम ओतत नाहीत. आधी वाळूचे नमुने. त्यात हिऱ्याची सोबती खनिजं दिसली तरच जमिनीची चुंबकीय पाहणी. ती पटली तरच ड्रिलिंग. त्यात दम दिसला तरच हजारो टनांचा मोठा नमुना. प्रत्येक पायरीवर थांबायचा हक्क स्वतःकडं राखलेला असतो, आणि बहुतेक वेळा ते थांबतात. इतकं करूनही हाती लागेलच असं नाही. पन्न्याच्या शेजारी छतरपूर जिल्ह्यात बंदर नावाच्या ठिकाणी रिओ टिंटो या परदेशी खाण कंपनीला 2004 मध्ये हिरे सापडले. सापडल्याचं सिद्ध झालं, तरी 2017 मध्ये कंपनी सगळं राज्य सरकारच्या हवाली करून निघून गेली. त्या कंपनीला तो तोटा झेपला. वीस गुंठे विकून गेलेल्या माणसाला तो झेपेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण हे सगळं दूरदेशीचं झालं. शोधाचा धंदा तुम्हाला नवा नाही, भाऊ. आपल्याकडं प्रत्येक घरानं तो केलेला आहे. आपण त्याला बोअर म्हणतो.

2016 चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. औसा तालुक्यात माझ्या थोरल्या भावानं बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली. भावानं ठरवलं होतं, तीनशे फूट, त्याच्या पुढं एक फूट नाही. रात्री दहाला गाडी लागली. वीस फुटांचा एकेक रॉड खाली जायचा आणि वहिनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं एकेक रेघ मारायची. पंधरा रेघा झाल्या. पाइपातून पांढरा फुफाटा येत होता, तो किंचित ओला झाला. एजंट म्हणाला, "ओल लागली दादा, आता सोडायचं म्हणजे हातचं घालवायचं. अजून पन्नास फूट." भाऊ काही बोलला नाही, नुसती मान हलवली. वहिनी हातात चहाची किटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पंधरा झाल्या." मशीनच्या आवाजात कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. पहाटे गाडी निघाली तेव्हा भिंतीवर एकतीस रेघा होत्या. सहाशे वीस फूट, आणि खोल जाईल तसा फुटाचा दर चढत गेलेला. पाणी नाही. चार दिवसांनी चाळीस फुटांवर दुसरा बोअर घेतला, कारण "पाणी शेजारूनच जात असणार". त्यात वहिनीच्या पाटल्या गेल्या.

माझा भाऊ मूर्ख नव्हता. दिवसा, खाटेवर बसून त्यानं तीनशे फूट ठरवलं ते बरोबरच होतं. मशीन चालू झाल्यावर, रात्री दोन वाजता, घातलेले पैसे डोळ्यासमोर नाचत असताना त्यानं दुसऱ्यांदा ठरवलं, आणि ते चुकलं. पन्न्याच्या खड्ड्यात तुमचंही तसंच होईल. बाराव्या पट्ट्यापर्यंत काही लागलं नाही की साडू म्हणतील, शेजारच्याला लागलाय, आपल्यालाही लागणार, अजून एक हंगाम. त्या वेळी तुमचे सहा लाख जमिनीत असतील आणि "नाही" म्हणणं आजच्यापेक्षा दहापट अवघड जाईल.

भागीदारीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगते. बारा पट्टे नातेवाइकांच्या नावावर काढायचे म्हणता. ज्याच्या नावाचा पट्टा, त्याच्या नावावर पैसे येतात. उद्या हिरा साडूंच्या पुतण्याच्या पट्ट्यात निघाला तर तुमचा चौथा हिस्सा कोणत्या कागदावर आहे? स्टँपपेपरवर, साक्षीदारांसह, खर्च किती, हिस्सा किती, कोण किती दिवस तिथं राहणार, मध्येच सोडलं तर काय, हे लिहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. साडू रागावले तर आत्ताच रागावू द्या. साडू-साडूंचं भांडण दोन बहिणींच्या घरात शिरतं. दुसरी गोष्ट, "बाहेरच्या बाहेर विकू". हा गुन्हा आहे. शिवाय कागद नसलेला हिरा घेणारा व्यापारी साडेबारा टक्क्यांच्या कितीतरी जास्त कापतो आणि तुम्हाला पोलिसांत जाता येत नाही. ज्या माणसाच्या योजनेत ही ओळ सुरुवातीपासून आहे, त्याच्यासोबत मी पैसे लावले नसते.

हिऱ्याच्या किमतीचंही बघा. प्रयोगशाळेत बनवलेले हिरे आता सुरतेत सर्रास तयार होतात. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिला तो 7.5 कॅरेटचा हिरा असाच बनवलेला होता. त्यांच्यामुळं खाणीतल्या हिऱ्याच्या, विशेषतः लहान हिऱ्याच्या, किमतीवर गेली काही वर्षं मोठा ताण आहे. जुन्या लिलावांचे भाव पुढच्या दोन हंगामांसाठी धरून चालू नका.

आता तुमच्या विहिरीतले खडे. आजोबांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, आमच्याकडंही होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता हे खरं, पण गोवळकोंड्याचे हिरे कृष्णाकाठच्या खाणींतून यायचे, गोवळकोंडा ही त्यांची बाजारपेठ. शेवटचा निजाम जो जेकब हिरा कागदांवर ठेवायला वापरायचा असं सांगतात, तो तर दक्षिण आफ्रिकेतून आलेला. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हिऱ्याचे खडक असतात ते त्याहून कितीतरी जुन्या भूमीत. ती आपल्याकडं आहे, पण लाव्ह्याच्या खाली. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी बोअर घेतला तेव्हा 338 मीटर काळा पाषाण पार केल्यावर तो जुना खडक लागायची वेळ आली. अकराशे फुटांच्या वर! महाराष्ट्रात हिऱ्याचं जुनं नाव आहे ते गडचिरोलीतल्या वैरागडचं. ऐन-इ-अकबरीत त्याचा उल्लेख आहे. तिथली भूमी वेगळी.

मग विहिरीत चमकतं ते काय? काळ्या पाषाणात पोकळ्या असतात, त्यांत गारगोटीचे आणि झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढतात. विहीर फोडताना निघतात, फार सुंदर असतात. साडूंनी काचेवर ओरखडा काढून "बघा, हिरा" म्हटलं असेल तर ते ऐकू नका, साधी गारगोटीही काच ओरखडते. गारगोटी सहा बाजूंची, टोकदार, अंगावर आडव्या बारीक रेषा असलेली असते. कच्चा हिरा बहुधा दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा, आठ बाजूंचा, तेल लावल्यासारखा तुळतुळीत, आणि आकाराच्या मानानं जड. खात्री हवी असेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म अधिकाऱ्यांना दाखवा. चांगले स्फटिक जपून ठेवा, त्यांचे शौकीन असतात. आणि इतर वाचकांसाठीही सांगते: शेतात येऊन "तुमच्या रानात हिरा आहे, तपासणीला पन्नास हजार द्या" म्हणणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवा. हिरा हे प्रमुख खनिज आहे. खाणपट्टा घेतल्याशिवाय तो स्वतःच्या रानातूनही काढता येत नाही, आणि 2015 पासून असे पट्टे लिलावानं दिले जातात. पन्न्याचे छोटे पट्टे ही तिथली खास सोय आहे. शहरात ऑफिस थाटून "हिऱ्याच्या खाणीत गुंतवा, महिन्याला ठरलेला परतावा" असं सांगणाऱ्यांपासूनही लांब राहा. शोध घेणाऱ्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याचं माहीत नसतं, तो तुम्हाला दरमहा कुठून देणार?

आता ते शेवटच्या पानावरचं वाक्य. चार हप्ते थकले म्हणजे नव्वद दिवस उलटून गेले. तुमचं कर्जखातं आतापर्यंत अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरलं असेल, आणि मशीन ओढून नेण्याची नोटीस कधीही येऊ शकते. जेसीबी त्यांच्याकडं तारण आहे. अशा वेळी तो न सांगता परराज्यात नेला तर पळवून नेला असाच अर्थ निघेल. मला वाटतं, हिऱ्यानं तुम्हाला भुरळ घातली ती या हप्त्यांमुळं. मशीननं पैसे दिले असते तर साडूंची बातमी तुम्ही बघून सोडून दिली असती. म्हणून या आठवड्यात आधी कर्जाच्या शाखेत जा. एकटे जाऊ नका, हिशेब समजणारा कुणी सोबत घ्या. हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते लेखी विचारा. नाहीच जमलं तर त्यांच्या संमतीनं मशीन विकून टाका, तिला भाव आहे तोवर. मशीन जाईल म्हणून गावात मान खाली जाईल असं तुम्हाला वाटत असेल. जमीन गेल्यावर जाते त्याच्यापेक्षा ती कमीच जाईल. आणि सहा लाख उभे करायची तुमची ताकद असलीच, तर तेवढं कर्ज फेडून जे व्याज वाचतं ती तुमच्या हातातली खात्रीची कमाई आहे. पन्न्यातला कुठलाच पट्टा ती देत नाही.

तर माझं मत असं: वीस गुंठे विकू नका, सोनं गहाण ठेवू नका, जेसीबी नेऊ नका. या तिन्ही गोष्टींवर मी ठाम आहे.

पण तुम्ही अडतीस वर्षांचे आहात आणि मनात एकदा बसलेला हिरा माझ्या पत्रानं निघेल असं मी समजत नाही. मग असं करा. हप्त्यांचा मार्ग लागल्यावर, रब्बीची पेरणी उरकून, आठ दिवसांसाठी पन्न्याला जा. पट्टा काढायला नको, नुसतं बघायला. हिरा कार्यालयात बसा, नोंदी बघा. कृष्णा कल्याणपूर पट्टीसारख्या ठिकाणी जिथं खणतात तिथं जा, दुसऱ्याच्या पट्ट्यावर दोन दिवस चाल निवडायला बसा. तिसरं, चौथं वर्ष खणणारा माणूस शोधा आणि त्याला विचारा, आजवर किती घातले, किती आले. त्यानंतरही वाटलं, तर एक पट्टा, स्वतःच्या नावावर, एक हंगाम. रक्कम अशी की ती पूर्ण गेली तरी पोरांची फी आणि बी-बियाणं अडणार नाही. माझ्या अंदाजानं तुमच्या घरात आज ती चाळीस-पन्नास हजारांच्या वर नाही. आणि घरून निघायच्या आधी तो आकडा कागदावर लिहा.

हा कागद तुमच्याकडं ठेवू नका, बायकोकडं द्या. म्हणजे त्याआधी त्यांना सगळं सांगावं लागेल: थकलेले हप्ते, वीस गुंठे, आणि त्यांना न विचारता त्यांचं सोनं तुम्ही मनातल्या मनात गहाण टाकलं होतं तेही. त्या चिडतील. चिडू द्या, ऐकून घ्या. खर्चाची वही त्यांनी ठेवायची आणि आकडा संपला की फोन त्यांनी करायचा, आणि तो फोन आला की तुम्ही सामान बांधायचं, खड्डा कितीही अर्धा असला तरी. माझ्या वहिनीच्या हातात कोळसा होता, पण मशीन थांबवायचा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. तुमच्या घरात तो द्या.

आठ दिवसांनी परत आलात की मला लिहा: किती पट्टे, किती हिरे, चाल किती फुटांवर लागते, आणि तो भागाकार किती आला. विहिरीतल्या खड्यांचा फोटोही पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.